लेकीचे उपवास वाढत चाललेत

ताई, आम्ही खानापूरचे. मुलगी सतरा वर्षांची, बेळगावला सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. गेल्या वर्षी एका लग्नात तिला सगळ्यांदेखत 'किती सुटलीस गं' म्हणाले. तेव्हापासून तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, संकष्टी, आता शनिवारही. एरवी अर्धी भाकरी खाते. परवा तिच्या बॅगेत पेपरात गुंडाळलेल्या शिळ्या चपात्या सापडल्या. तीन महिने पाळी नाही. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून बसते. पण रविवारी हौसेनं सगळ्यांना थालीपीठं करून वाढते, रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघते. म्हणजे खाण्यावरची वासना गेलेली नाही ना? हे म्हणतात, परीक्षा झाली की बघू. मी रागावू की गोड बोलू?
— एक आई

ताई,

थालीपीठांवरून तुम्ही धीर धरलाय, पण मला पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती तीच ओळ. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवून त्यांचं काय होतं ते पाहिलं होतं. ती माणसं दिवसभर जेवणाचंच बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटातला घास तासभर चिवडत बसू लागली. त्यांना सारखी थंडी वाजायची. त्यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. उपाशी डोकं असंच चालतं. तुमची लेक हट्टी नाही, नाटकीही नाही. पोट भरल्याशिवाय तिला समजावून काही उपयोग नाही, कारण समजून घ्यायला लागणारं डोकंच उपाशी आहे.

आता उपवासांचं. पोरगी हुशार आहे. आपल्याकडे जेवणाला नको म्हटलं की दहा जण विचारतात, पण 'उपवास आहे' म्हटलं की शेजारीणसुद्धा कौतुक करते. तेव्हा ही पळवाट घरानंच बंद करायची. तिला एकटीला मोडायला लावू नका. ती बरी होईपर्यंत घरात कुणाचाच उपवास नाही, तुमचाही नाही. आज्जी असतील तर हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. आजाऱ्याला आणि वाढत्या लेकराला उपवासाची सूट असते, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

पण त्याआधी डॉक्टर. तीन महिने पाळी चुकणं म्हणजे शरीरानं खर्च कमी करायला घेतलाय. कारणं दुसरीही असू शकतात, थायरॉईड, रक्त कमी असणं, म्हणून तपासणी हवीच. नाडी, रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम, ईसीजी एवढं बघायला सांगा. डॉक्टरांना चपात्यांचंही सांगा. नुसतं 'अशक्तपणा आहे' म्हटलंत तर टॉनिकची बाटली घेऊन परत याल. जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते का, जुलाबाच्या गोळ्या घेते का, याकडेही लक्ष असू द्या. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बरेच दिवस उपाशी राहिलेल्या अंगावर एकदम ताटभर जेवण लादू नका, त्यानंही धोका होतो. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरच सांगतील.

बेळगावला बिम्समध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मनाच्या आजारांची सरकारी संस्था आहे. 'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्द घरात कुणी काढला तर त्याला तिथंच गप्प करा. जायच्या आधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.

रागावू की गोड बोलू, विचारलंत. ताटावर दोन्ही नको. सगळ्यांनी एकत्र बसायचं, तिला वाढायचं, आणि बोलायचं ते बसच्या गर्दीबद्दल, मैत्रिणींबद्दल. चपात्यांचा विषय एकदाच, एकांतात काढा: 'मला सापडल्या. मी चिडलेली नाही, घाबरलेय. आपण दोघी दवाखान्यात जाऊ.' ती नाही म्हणेल, रडेल, तुमच्यावरच ओरडेल. तरी न्या.

पाहुण्यांना मात्र खुशाल रागवा. 'सुटलीस' म्हणणाऱ्यांना तर रागवाच, पण 'आता कशी छान बारीक झालीस' म्हणणाऱ्यांना जास्त. हे दुसरं वाक्य तिनं गेल्या वर्षभरात कितीदा ऐकलं असेल, आठवून बघा. त्यात तुमचाही आवाज असेल तर आजपासून बंद. घरात स्थळांचं बोलणं निघत असेल तर तेही सतराव्या वर्षी कशाला हवंय?

राहिली परीक्षा. ह्यांना सांगा, सेकंड पीयूसीचा पेपर हुकला तर त्याच वर्षी पुन्हा बसता येतं. या आठवड्यातच एक दिवस कॉलेज बुडवा, सकाळच्या बसनं तिच्यासोबत तुम्हीही निघा, आणि ह्यांनाही बरोबर घ्या.