बीबीसी मायक्रोला फ्लॉपी ड्राइव्ह जोडताना

भाऊ, परभणीच्या शाळेतून आणलेलं बीबीसी मायक्रो, म्हणजे ते जुनं ब्रिटिश संगणक-मशीन, बीप देऊन चालू होतंय म्हणजे निम्मं काम झालं. 1984 च्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षण योजनेत आपल्या शाळांत बीबीसी मायक्रोच आले होते, त्यामुळे हे जपायलाच हवं.

फ्लॉपी ड्राइव्ह चालत नाही म्हणून तो लगेच खोलू नकोस. आधी स्टार हेल्प (*HELP) टाइप कर. यादीत डीएफएस (DFS, डिस्क हाताळणारा प्रोग्रॅम) दिसत नसेल, तर मशीनमध्ये डिस्कची चिप बसवलेलीच नाही. मग कितीही केबली बदल, उपयोग नाही. नवखे इथंच आठवडा घालवतात. मीही घालवलाय.

डीएफएस दिसला, तर पुढचा संशय 34 पिनच्या पट्टी केबलवर. ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहिला, की केबल उलटी लागलीय असं समज. त्या केबलच्या विषम पिना सगळ्या ग्राउंड असतात. उलटी लावली की सिग्नलच ग्राउंडला जातात. लाल कडा म्हणजे पिन 1, दोन्ही टोकांना जुळव.

आणखी दोन गोष्टी:

- ड्राइव्ह क्रमांकाचा जंपर (ड्राइव्हवरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) शून्यावर ठेव.
- केबल काढता-लावताना मशीन बंदच हवं. ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणू नकोस, चिपा जातात.

आपल्याकडची धूळ तुला सांगायला नको. कनेक्टर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पूस आणि पूर्ण वाळू दे.

हेडचं (डिस्क वाचणाऱ्या भागाचं) अलाइनमेंट सध्या विसर. स्टार कॅट (*CAT, डिस्कवरच्या फाइलींची यादी) दिल्यावर काय दिसतं, तेवढं कळव.