टीव्ही ५५ इंची, मग सिरीयल धुरकट का?

या वेळी आलेल्या प्रश्नांत अर्ध्याहून जास्त एकाच तक्रारीचे आहेत, टीव्ही मोठा घेतला आणि केबलचं चित्र घाण दिसतं. त्यामुळे इन्व्हर्टर आणि गिझरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा, आज फक्त हेच.

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही इंदिरानगरला असतो, मी रिटायर आहे. आमचा ३२ इंची जुना टीव्ही मुलाने काढून टाकला आणि ५५ इंची फोर-के आणला. दुकानात बघितला तेव्हा चित्र असं की पानावरचा थेंब न् थेंब दिसत होता, घरी केबल जोडली तर सगळ्यांचे चेहरे धुरकट, बातम्यांची खालची पट्टी वाचायला डोळे ताणावे लागतात. जुन्या टीव्हीवर हेच चॅनल चांगलं दिसायचं हो. मुलगा म्हणतो केबलवाला फसवतोय, केबलवाला म्हणतो टीव्हीत प्रॉब्लेम, दुकानदार फोन उचलत नाही. पॅनल खराब आलंय का? बदलून मागू का?

उत्तर : काका, बदलून मागायच्या आधी एक करा. टीव्हीला घरचं वायफाय जोडा, टीव्हीतलंच यूट्यूब उघडा आणि फोर-के लिहिलेला एखादा निसर्गाचा व्हिडिओ लावा. तो दुकानासारखा लख्ख दिसला तर पॅनल ठणठणीत आहे, आणि माझी खात्री आहे की तो तसाच दिसेल. दुकानात जे बघितलंत ते केबलचं चित्र नव्हतंच, कंपनीने पेनड्राईव्हवर दिलेली डेमो क्लिप असते ती, वर टीव्ही दुकानाच्या भडक मोडवर ठेवलेला असतो. घ्यायच्या आधी दुकानदाराला सांगायचं की बाबा रे, साधं एसडी, म्हणजे कमी ठिपक्यांचं, चॅनल लावून दाखव, तर तो चहा मागवतो पण चॅनल लावत नाही.

आता खरं कारण. आपल्याकडच्या एसडी चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सव्वाचार लाखही होत नाहीत. तुमच्या नव्या टीव्हीला ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके आहेत. हिशेब केला तर २० ठिपक्यांतला १ केबलमधून आलेला आणि बाकीचे १९ टीव्हीने आपल्या अंदाजाने भरलेले. पासपोर्ट साईझच्या फोटोवरून चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स छापला की जे होतं तेच इथे होतंय, फोटोही चूक नाही आणि फ्लेक्सचं मशीनही चूक नाही.

जुन्यावर चांगलं दिसायचं त्याचं गणित अंतराचं आहे. सोफा तिथेच आहे ना? नेहमीच्या नजरेच्या माणसाला ३२ इंची टीव्हीवर एसडीच्या रेषा साधारण ८ फुटांपलीकडून सुट्या दिसत नाहीत, डोळा त्यांना एकत्र करून टाकतो. ५५ इंचीवर तेच व्हायला १३ फूट लांब बसावं लागतं, आणि आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये १३ फूट मागे गेलं की माणूस स्वयंपाकघरात पोचतो. एचडी, म्हणजे जास्त ठिपक्यांचं, चॅनल असेल तर मात्र त्याच ५५ इंचीला ७ फूट पुरतात. म्हणजे तुमच्या सोफ्यावरून एचडी छान दिसणार आणि एसडी धुरकटच दिसणार, सेटिंग काहीही करा.

त्यात आणखी एक. केबलवर एका फ्रिक्वेन्सीमधून साधारण ३८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३८ मेगाबिट, डेटा जातो आणि तो तिच्यावरच्या सगळ्या चॅनलांत वाटला जातो, जितकी चॅनलं कोंबाल तितकं प्रत्येकाच्या वाट्याला कमी. म्हणून माणूस शांत बसून बोलत असेल तोवर बरं दिसतं आणि क्रिकेटमध्ये कॅमेरा फिरला की गवताचा नुसता हिरवा लगदा होतो, ते यामुळे.

उपाय म्हणाल तर एचडी बॉक्स आणि एचडी चॅनलं, दुसरं काही नाही. आणि हे दोन्ही लागतं, नुसता बॉक्स बदलून भागत नाही. प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांची एचडी चॅनलं आहेत, पैसे जास्त पडतात, तेव्हा जी तीन-चार रोज बघता तेवढीच घ्या, दोनशे चॅनलं एचडी करून कुणाला दाखवायचीयत. मराठी बातम्यांची चॅनलं बहुतेक एसडीच आहेत, ती पट्टी अशीच दिसणार, त्यावर रागावू नका.

एचडी घेतल्यावर लोक हमखास अडकतात ते पुढच्या दोन गोष्टींत. पहिली, एचडी चॅनलचा नंबर वेगळा असतो. हाताला जुन्या नंबरची सवय, तोच दाबला जातो आणि महिनाभर एचडीचे पैसे भरून एसडीच बघितलं जातं. रिमोटवर इन्फो दाबा, नावापुढे एचडी आलं पाहिजे. दुसरी म्हणजे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही, बॉक्स कितीही भारी असो. एचडीएमआय वायरच लावायची, आणि मग बॉक्सच्या मेनूत जाऊन व्हिडिओ आउटपुट १०८०आय, म्हणजे एचडी, आहे का ते बघायचं, बऱ्याचदा तिथे ५७६ वर ठेवून माणूस निघून गेलेला असतो.

प्रश्न : आमच्याकडे पंचवटीत चित्र एरवी छान स्वच्छ असतं, पण मधूनच चौकोन चौकोन होतात, आवाज खर्र करून तुटतो, कधी कधी पूर्ण अडकतं. पाऊस असला की जास्त. काही चॅनलांना होतं, काहींना अजिबात नाही. केबलवाले म्हणतात टीव्ही मोठा आहे ना ताई, म्हणून होतं. खरं का?

उत्तर : ताई, साफ खोटं. टीव्ही मोठा असल्यामुळे चित्र धुरकट दिसू शकतं, चौकोन कधीच पडत नाहीत. इंदिरानगरच्या काकांची तक्रार आणि तुमची तक्रार यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, आणि केबलवाले नेमकी हीच गल्लत करून वेळ मारून नेतात. एकसारखं, सतत धुरकट असेल तर चॅनलच तसं येतंय. चौकोन, अडकणं, आवाज तुटणं असेल तर सिग्नल वाटेत गळतोय. तो वायर नीट करूनच बरा होतो आणि ते काम त्यांचं.

पूर्वी सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, आठवतं ना, मुंग्यांतून का होईना मॅच दिसायची. केबल डिजिटल करायच्या सरकारी योजनेत नाशिक दुसऱ्या टप्प्यात होतं, ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, त्यानंतर केबल डिजिटल झाली आणि मुंग्या गेल्या. डिजिटलमध्ये सिग्नल कमी होत होत जातो तरी चित्र शेवटपर्यंत स्वच्छच दिसतं, आणि एका मर्यादेखाली गेला की एकदम चौकोन आणि मग काळा पडदा. त्यामुळे कालपर्यंत चांगलं होतं म्हणजे सिग्नल चांगला होता असं नाही, काठावर असेल.

पावसात जास्त होतं म्हणजे पाणी शिरतंय. गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या जोडात, जिथे वायर नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते तिथे. पाणी तांब्याच्या तारेवर गेलं की ती हिरवी पडते आणि मग उन्हाळ्यातही त्रास देते. काहीच चॅनलांना होतं त्याचंही कारण सरळ आहे, एका फ्रिक्वेन्सीवरची चॅनलं एकत्र बिघडतात. कुठली चॅनलं अडकतात त्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, त्यावरून चांगल्या टेक्निशियनला लगेच अंदाज येतो.

माणूस आला की त्याला म्हणा मीटर लाव, आणि तो खांबावर किंवा गच्चीवर नाही, बॉक्समागे जी वायर खोचलीय तिच्या टोकाला लाव. लेव्हल, म्हणजे सिग्नलचा जोर, ६० डीबीच्या आसपास असली की बरी. त्याच मीटरवर सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगणारा एमईआर म्हणून आकडा येतो, तो ३० च्या जवळ हवा, २५ च्या खाली आला की चौकोनांची तयारी. लेव्हल फार जास्त असली तरी चौकोन पडतात बरं का, म्हणून नुसतं ॲम्प्लिफायर वाढवून "आता बघा" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मीटरच आणला नसेल तर चहा देऊन परत पाठवा.

प्रश्न : सगळी माणसं जाडी दिसतात आणि वरून डोकी कापली जातात. सिडको.

उत्तर : जुनं चॅनल ४:३ मापाचं असतं, टीव्ही १६:९ चा, तो ओढून ताणून पूर्ण पडदा भरतो म्हणून माणसं जाडी. बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा आकार १६:९ ठेवा. डोकी कापली जातात ते झूम लागलंय म्हणून, टीव्हीच्या पिक्चर साईझमध्ये जाऊन ते काढा. एलजीत जस्ट स्कॅन लिहिलेलं असतं, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, ते लावलं की कडेचं कापलेलं सगळं दिसायला लागतं. जुन्या चॅनलला दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या, घरातले दोन दिवस कुरकुर करतील.

प्रश्न : भाऊ, सातपूरहून लिहितोय. कंपनीतल्या मित्राने सांगितलं की सोन्याचं पाणी दिलेली फोर-के एचडीएमआय केबल घे, अडीच हजाराची आहे, पिक्चर एकदम क्लिअर होईल. घेऊ का? आणि पिक्चर सेटिंग काय ठेवू तेही सांगा, मी सगळं शंभरवर ठेवलंय.

उत्तर : नको घेऊ. एचडीएमआयमधून आकडेच जातात, ते एकतर पोचतात नाहीतर नाही पोचत. वायर खराब असली तर पडदा मधूनच काळा होईल, ठिपके चमकतील, पण चित्र तिने धुरकट होत नाही आणि महागड्या वायरने स्वच्छही होत नाही. केबलच्या बॉक्सला दोन-तीनशेची साधी वायर भरपूर झाली.

आणि ते शंभरवरचं सगळं आधी खाली आण. शार्पनेस वाढवला की बारकावे वाढतात असं वाटतं, प्रत्यक्षात टीव्ही प्रत्येक कडेभोवती पांढरी रेघ ओढतो आणि एसडीतली घाण आणखी उठून दिसते. कुठला आकडा म्हणजे मूळ चित्र हे कंपनीनुसार बदलतं, सोनीत ५० हा मधला असतो, बऱ्याच टीव्हींत शून्याच्या जवळ, तेव्हा अक्षरांभोवतीची पांढरी रेघ जाईपर्यंत कमी करत जा. व्हिव्हिड किंवा डायनॅमिक काढून स्टँडर्ड नाहीतर सिनेमा लाव, पहिल्या दिवशी पिवळट आणि मंद वाटेल, आठवड्याने व्हिव्हिड बघवणार नाही. नॉइज रिडक्शन एसडी चॅनलला मध्यमवर ठेव, एचडीला कमी कर. हे सगळं केबलवाल्या इनपुटवर असतानाच कर, कारण बहुतेक टीव्ही प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं धरून ठेवतात आणि यूट्यूबवर बसून केलेला बदल केबलला लागत नाही. आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात, अशीही बऱ्याच जणांची तक्रार आहे, त्यांनी टीव्हीतली मोशन स्मूदिंगची, म्हणजे हालचाल गुळगुळीत करायची, भानगड बंद करून बघावी, चित्रावर फार प्रक्रिया केली की ते उशिरा पोचतं.

प्रश्न : नाशिकरोडला आमचं घर दुमजली आहे. एकाच कनेक्शनवरून वायर फाडून तीन खोल्यांत नेलीय, प्रत्येक खोलीत बॉक्स वेगळा आहे. वरच्या खोलीत नवीन टीव्ही लावला तिथेच अडकतं.

उत्तर : कारण तिथे पोचेपर्यंत सिग्नल थकलाय. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला साधारण ४ डीबी कमी होतात, चार वाटांच्यात ७-८. तुमच्याकडे बहुतेक एका स्प्लिटरनंतर दुसरा लावलेला असणार. त्याऐवजी जिथून वायर घरात शिरते तिथे एकच बरा स्प्लिटर लावून प्रत्येक खोलीला सलग वायर न्या, मध्ये जोड नको. वायर आरजी-६ घ्या, जुनी बारीक असेल तर तीच बदलायला लागेल. स्प्लिटरचं एखादं तोंड रिकामं राहिलं तर त्यावर ७५ ओहमचं टर्मिनेटर म्हणून छोटं टोपण मिळतं ते बसवा, उघडं ठेवू नका. वायर नुसती सोलून, पिळून जोडलेली असेल तर ती आजच काढा.

प्रश्न : केबल सोडून डिश घेतली तर चित्र सुधारेल का? गंगापूर रोड.

उत्तर : एसडी चॅनल डिशवरही एसडीच असतं, थोडा फरक पडेल, जादू नाही होणार. बिल्डिंगची वायरिंगच इतकी कुजलेली असेल की केबलवाला हात लावायला तयार नाही, तर डिश घ्या, सरळ गच्चीवरून स्वतःची वायर खाली येते, मधले जोड जातात. पण जोराचा पाऊस आला की डिशचा सिग्नल जातो, ढगफुटीसारखा असेल तर दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही, आणि तो जोराचा पाऊस नेमका मॅचच्या वेळी येतो. घरी चांगलं ब्रॉडबँड असेल तर ठरावीक सिरीयल आणि मॅच ॲपवर बघा, एचडीला साधारण ५ एमबीपीएस पुरतात आणि मोठ्या पडद्यावर ते एसडी केबलपेक्षा कितीतरी बरं दिसतं. आई-वडिलांना ॲप जमत नसेल तर केबल ठेवा आणि त्यांची दोन-तीन चॅनलं एचडी करून द्या. डिशचं ठरलंच तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, एक पावसाळा महिन्या-महिन्याने काढा, आणि केबलचा बॉक्स परत करताना पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट विसरा.