वाचकांचे प्रश्न : हळद्याचा मुक्काम, आहार आणि घरटे

प्रश्न : आमच्या घरामागच्या वडावर दिवाळीच्या सुमारास एक पिवळाधमक पक्षी येतो. त्याच्या डोळ्यावरून काळी रेघ गेलेली आहे. होळीनंतर तो दिसेनासा होतो. रत्नागिरीकडे नातेवाइकांच्या आवारात पाहिलेल्या हळद्याचे डोके मात्र पूर्ण काळे होते. ही नर-मादीची जोडी समजावी काय? आणि आमचा पक्षी जातो कोठे? (एक वाचक, वाई)

उत्तर : हे नर-मादी नसून दोन वेगळ्या जाती आहेत. डोळ्यात काजळ घातल्यासारखी रेघ असलेला तो हळद्या. त्यालाच काही ठिकाणी आम्रपक्षी किंवा पिलक म्हणतात. डोके आणि गळा काळा असलेला तो काळ्या डोक्याचा हळद्या. आकाराने दोघेही साळुंकीएवढे, दोघांची चोच गुलाबी, डोळे लाल. काळ्या डोक्याच्या जातीत नर आणि मादी जवळजवळ सारखे दिसतात. तुमच्याकडील हळद्याची मादी मात्र पाठीवर हिरवट असते आणि तिच्या फिकट पोटावर बारीक गडद रेषा असतात, त्यामुळे पुष्कळ लोक तिला निराळाच पक्षी समजतात.

या पक्ष्याचा आपल्या मुलखाशी एक जुना संबंध आहे आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमध्ये हिंडून येथील पक्ष्यांच्या नोंदी केल्या, आणि १८३२ मध्ये या हळद्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे दीर्घकाळ त्याला युरोपातील हळद्याचीच उपजाती मानले जात होते. युरोपीय पक्ष्याची काळी रेघ डोळ्यापाशी थांबते, आपल्याकडील पक्ष्याची रेघ डोळा ओलांडून मागे जाते. असे काही फरक ध्यानात घेऊन आता त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले आहे.

तो जातो कोठे, याचे उत्तर सर्व हळद्यांसाठी एकच नाही. काही पक्षी वर्षभर एकाच परिसरात राहतात, तर काही उन्हाळ्यात उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि त्याही पलीकडे मध्य आशियापर्यंत विणीसाठी जातात व हिवाळ्यात दक्षिणेकडे परततात. गुजरातेत पायात वळे घालून सोडलेला एक हळद्या नऊ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ताजिकिस्तानात सापडला होता. तुमच्या वडावर येणारा नेमका कोठला, हे वळ्यावाचून सांगता येणार नाही. पण तुम्ही दिलेल्या तारखा पाहता तो हिवाळी पाहुणा असावा. काळ्या डोक्याचा हळद्या मात्र सहसा असा दूरचा प्रवास करीत नाही. त्याला दाट झाडीचा, ओलसर मुलूख अधिक मानवतो, म्हणून कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर तो बाराही महिने भेटतो.

प्रश्न : आमच्या आंब्याच्या बागेत हळद्ये बरेच आहेत. ते फळांची नासाडी करतात, असे गडी सांगतात. त्यांना हाकलावे काय? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : कृपया हाकलू नका. हा पक्षी आमराईत राहतो तो मुख्यतः तिच्या गर्द सावलीसाठी आणि पानांतील किड्यांसाठी. फांदीवरच पिकून फुटलेल्या एखाद्या फळाला त्याने चोच लावली तर नवल नाही, पण आंब्याचे खरे वैरी तुडतुडे आणि फळमाशी आहेत, हे आपण जाणताच. हळद्या अळ्या आणि इतर कीटक सतत टिपत असतो, त्याचा हिशेब बागेच्या जमेच्या बाजूला धरावयास हवा.

फळांपैकी त्याची खरी आवड वड, पिंपळ, उंबर यांसारख्या झाडांच्या फळांची. वड पिकला की बुलबुल, तांबट, हरियाल आणि हळद्या एकाच झाडावर दिसतात. पांगारा आणि काटेसावर फुलली की तो मधुरसासाठी फुलांवर येतो. दक्षिण भारतात त्याने झाडांवरील उडता सरडा पकडून खाल्ल्याच्याही नोंदी आहेत. इतक्या नाजूक दिसणाऱ्या पक्ष्याकडून ही अपेक्षा कोणी करणार नाही.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगावी लागेल. खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकतो आणि त्या रुजतात. त्यात आपल्या रानातील झाडे असतात, तशी घाणेरीही असते. बागेच्या कडेला घाणेरी उगवली तर ती कोवळी असतानाच उपटावी. पक्ष्याला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : अमेरिकेत मेरीलँडला राहणारी माझी मुलगी संत्र्याच्या अर्ध्या फोडी टांगून हळद्यांना बोलावते. तसे मी पुण्यात केले, पण एकही पक्षी फिरकला नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मुलीकडे येणारा पक्षी हा त्या राज्याचा राज्यपक्षी असून नारिंगी-काळ्या रंगाचा आहे. युरोपातून गेलेल्या लोकांनी रंगसाम्यामुळे त्याला आपल्या ओळखीच्या हळद्याचेच नाव दिले. प्रत्यक्षात तो एका निराळ्या कुळातील आहे, आणि त्या कुळाचा एकही पक्षी भारतात नाही. आपला हळद्या झाडांच्या शेंड्यांतच वावरतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून गॅलरीतील फोडींकडे त्याचे लक्ष जात नाही. जवळ वड किंवा उंबर असेल तर सकाळी त्याच्या खाली शांत उभे राहून ‘पी-लो-लो’ अशी बासरीसारखी शीळ ऐकू येते का, ते पाहा. एवढा झगझगीत पक्षी उन्हाच्या कवडशांत असा मिसळून जातो की बहुधा आधी त्याचा आवाजच सापडतो. मधूनच येणारा कर्कश खरखरीत आवाजही त्याचाच असतो.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील कडुनिंबावर हळद्याने घरटे केले आहे. पावसाळ्यापूर्वी त्या फांद्या छाटायच्या ठरल्या आहेत. काय करावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : छाटणी थांबवावी. एप्रिल ते ऑगस्ट हा त्यांच्या विणीचा काळ आहे आणि आपली पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी त्यातच येते. फांदीच्या टोकाकडील दुबेळक्यात गवत आणि सालीचे धागे गुंडाळून, कोळ्याच्या जाळ्याने सांधून हे घरटे झोळीसारखे टांगलेले असते, त्यामुळे शेजारची फांदी तोडतानाही त्याला हिसका बसतो. आत दोन-तीन पांढरी, ठिपकेदार अंडी असतात. नर आणि मादी दोघेही पिलांचा सांभाळ करतात आणि कावळे, शिक्रा यांना पिटाळून लावतात. दोघांची चारा घेऊन ये-जा पूर्ण थांबली आणि घरटे रिकामे असल्याची खात्री झाली, की मगच छाटणीला हात घालावा. मात्र त्याआधी तेच झाड आणि शेजारची झाडे नीट पाहून घ्या : हळद्या पुष्कळदा कोतवालाच्या घरट्याजवळ आपले घरटे बांधतो, कारण तो शूर शेजारी कावळ्या-घारींना जवळ येऊ देत नाही. त्याचीही पिले तेव्हा घरट्यात असू शकतात.