एंडोस्कोपीत जठराचा लिम्फोमा कळतो का?

जळगावच्या आपल्या वडिलांच्या एंडोस्कोपीत केवळ सूज व व्रण दिसला, मग लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची, शंका कशासाठी, असे आपण विचारले आहे. जठराचा लिम्फोमा पुष्कळदा साध्या सुजेसारखाच दिसतो आणि अस्तराच्या खालच्या थरांत पसरत असल्याने वरवरच्या एकाच तुकड्यातून निसटू शकतो. म्हणून व्रणाच्या कडेवरून आणि निरोगी दिसणाऱ्या भागांतूनही तांदळाच्या कणीएवढे अनेक तुकडे घेऊन बायोप्सी करतात. सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण जठरापुरत्या मर्यादित माल्ट लिम्फोमात (अस्तरातील लसिका ऊतींतून उद्भवणाऱ्या, सहसा सावकाश वाढणाऱ्या प्रकारात) त्यावरील प्रतिजैविकांनीच बहुतेक रुग्णांचा आजार ओसरतो. आपल्या खानदेशात शेवभाजीच्या तिखटाला दोष देत महिनोन्‌महिने आम्लपित्ताच्या गोळ्या घेतल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते. वजन घटत असेल किंवा शौचास काळे होत असेल, तर मुळीच थांबू नये.