दिवे बंद झाल्यावरही बसून राहा

परवा गंगापूर रोडला चहा पिताना तू म्हणालास, "काका, कोर्टाचा पिक्चर म्हणून बसलो, पण काही घडतच नाही!" अरे, चैतन्य ताम्हाणेंचा 2014 चा 'कोर्ट' परत लाव. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. खटल्यापेक्षा सरकारी वकीलबाईंच्या मागे जा. त्या घरी जाऊन स्वयंपाक करतात, घरच्यांसोबत नाटकाला जातात. तिथे परप्रांतीयांवर हशा पिकतो. कोण हसतंय ते बघ, मग त्यांचा युक्तिवाद वेगळाच ऐकू येईल. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात आणि कॅमेरा अंधारात तसाच थांबतो. मी पहिल्यांदा तिथेच चप्पल शोधायला लागलो होतो!

त्यानंतर उमेश कुलकर्णींचा 2009 चा 'विहीर'. लग्नघर, दोन भावंडं, उन्हाळा. वाटतं मुलांचा सिनेमा. मग एक जण जातो आणि उरलेल्याचे प्रश्न आपल्या गळ्यात पडतात. हा फार कमी लोकांनी पाहिलाय, याचं मला अजून वाईट वाटतं.

रेटिंग आधी वाचू नकोस. बघून झालं की गोदाघाटावर एक चक्कर मार, मग ये माझ्याकडे. आवडला नाही तरी चालेल, पण कुठे कंटाळलास ते नेमकं सांग.