परक्या शहरात भाड्याची गाडी: किल्ली फिरवण्याआधीची पंधरा मिनिटं

तुम्ही विचारलंय की कधीही न पाहिलेल्या शहरात, तेही परदेशात, विमानतळावरूनच गाडी भाड्याने घ्यायची आहे. फोनवर नकाशा आहे, मग आणखी तयारी हवी का? हवी. मी बरीच वर्षं अशा गाड्या घेतोय. रस्ता चुकल्याने जेवढा मनस्ताप झाला, त्याहून जास्त पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीने दिलाय.

एकदा रात्री उशिरा पोचलो, काउंटरवर सह्या ठोकल्या आणि गाडीत बसलो. समोर भिंत, आणि रिव्हर्स काही पडेना. दांडा जाईल तिकडे ढकलून पाहिला, पण क्लच सोडला की गाडी दर वेळी वीतभर पुढेच सरकायची. बंपर आणि भिंतीत चार बोटं उरली तेव्हा लाज सोडून शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारली. त्याने गिअरच्या मुठीखालची कडी दोन बोटांनी वर उचलली आणि रिव्हर्स टाकून दिला. ती कडी मला शोभेची वाटली होती!

तेव्हापासून गाडी मिळाली की पंधरा मिनिटं तिथेच बसतो. मागे कितीही घाई चाललेली असो. सीट, आरसे, रिव्हर्स, हँडब्रेक (हल्ली नुसतं बटण असतं), दिवे, वायपर, काचेवरचं धुकं घालवायचं बटण हे सगळं हाताळून बघायचं. बहुतेक गाड्यांत इंधनाच्या काट्याजवळ पंपाचं चित्र आणि त्याला लागून बारीक त्रिकोण असतो; त्याचं टोक ज्या बाजूला, टाकीचं झाकण त्या बाजूला. पेट्रोल की डिझेल हे सहसा झाकणाच्या आतच लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. चुकून दुसरंच भरलं गेलं तर गाडी अजिबात चालू करू नका. इंजिन बंद असेल तर टाकी उपसून भागतं, चालू केलंत की तेच इंधन पुढे पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं.

मग खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारत व्हिडिओ घ्या. रिम, बंपरचे खालचे कोपरे, पुढची काच नीट दिसू द्या. जुना ओरखडा किंवा पोचा कागदावर नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या. ‘किरकोळ आहे, चालतं’ असं तोंडी सांगणारा माणूस गाडी परत करताना तिथे नसतो. हे मी पैसे भरून शिकलोय.

आता कागदपत्रं. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे तुमच्या मूळ परवान्याचं भाषांतर. मूळ परवाना जवळ नसेल तर त्याचा उपयोग नाही. तो 1949च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निघतो किंवा 1968च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे, आणि प्रत्येक देश दोन्ही मानतोच असं नाही. जपानला 1949चाच लागतो. कुठला चालेल ते तिकीट काढायच्या आधी बघा. डिपॉझिटसाठी बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच मागतात, आणि ते गाडी ज्याच्या नावावर घेतली त्याचं असावं लागतं. बायकोच्या नावाने बुकिंग आणि नवऱ्याचं कार्ड, अशाने काउंटरवर अडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. विमा घेतला तरी नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा आपल्याच खिशातून जातो. काच, टायर, गाडीचा तळ आणि किल्ली पुष्कळदा विम्याच्या बाहेर असतात. ही ओळ सही करण्याआधी शोधा. दोघंही चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारात हवीत.

नकाशाचं म्हणाल तर तो थोर आहे, पण नेमक्या निघतानाच दगा देतो. गाडी उभी असताना तोंड कुठल्या दिशेला आहे ते त्याला धड कळत नाही, चाकं फिरायला लागली की कळतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा क्षीण संदेश तळघरातल्या पार्किंगमध्ये पोचत नाही, आणि उंच इमारतींवर आपटून आला तर बाण शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. उड्डाणपुलावर आहात की खाली, यातही त्याची गफलत होते. म्हणून शहराचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि पहिली चार वळणं तोंडपाठ करा. नुसतं डावं-उजवं घोकू नका, कुठल्या नावाच्या पाटीमागे जायचं ते लक्षात ठेवा. शेजारी बसलेल्या माणसाने ‘आता वळ’ म्हणण्यापेक्षा ‘दोन सिग्नल सोडून तिसऱ्याला’ असं आधीच सांगावं. वळण हुकलं तर हुकू द्या. हायवेवर गाडी मागे घेण्यापेक्षा पाच किलोमीटरचा वळसा केव्हाही स्वस्त.

डाव्या-उजव्या बाजूची फार धास्ती घेऊ नका. गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे जायचं असतं, तिथे कोणी चुकत नाही. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर, नाहीतर पंपावरून बाहेर पडताना. गाडी तिथलीच असेल तर चालक रस्त्याच्या मध्याकडे बसतो, मग देश कुठलाही असो. आपण कडेला आलो आणि शेजारचा माणूस मध्यावर गेला, की समजा चुकलो. पहिल्या दिवशी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होईल, त्याला इलाज नाही.

मुक्कामाच्या ठिकाणचा शेवटचा फर्लांगभर रस्ता मात्र घरी बसूनच बघून घ्या. नकाशावरची खूण इमारतीच्या मधोमध असते आणि गाडी आत घ्यायचं फाटक मागच्या एकेरी गल्लीत. इटलीतल्या कितीतरी शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. तिथे अडवायला कोणी नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. दंड येतो आणि वर गाडीवाली कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे लावते. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा नंबर त्यांना लगेच कळवा. पुष्कळ हॉटेलं तो नोंदवून देतात. लंडनच्या मध्यभागी 2003पासून गाडी नेण्याचं शुल्क आहे, ते आपल्यालाच आठवणीने भरावं लागतं. खरं सांगू का? शहरात दोन-तीन दिवस नुसतं फिरायचंच असेल तर मी गाडी घेतच नाही. शहर सोडायच्या दिवशी घेतो. पार्किंगचे पैसे वाचतात आणि तोवर पायी फिरून रस्ते डोक्यात बसलेले असतात.

गाडी परत करायच्या जागेजवळचा पंप आदल्या रात्रीच नकाशावर खूण करून ठेवा. टाकी भरल्याची पावती जपा. भाड्याचा दिवस 24 तासांचा असतो. दोनेक तास उशीर झाला तरी पुढच्या दिवसाचे पैसे लागू शकतात. काउंटर बंद असताना पेटीत किल्ली टाकणार असाल तर आधी काटा, किलोमीटरचा आकडा आणि चारही बाजू, सगळ्यांचे फोटो काढा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस येऊन गाडी तपासेपर्यंत ती बहुधा तुमच्याच जबाबदारीवर उभी असते.