माती विष धरून ठेवते की संपवते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमची जमीन भारी काळी असून सामू 8.2 आहे. लागण आणि दोन खोडवे अशी तीन वर्षे उसाला ॲट्राझिन हे तणनाशक मारले. आता ऊस मोडून सोयाबीन घ्यायचे आहे. एकरी चार ट्रॉल्या शेणखत टाकले की ते जमिनीतले तणनाशक शोषून घेते, असे गावात सांगतात. ते खरे आहे का?
— ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : शेणखत ॲट्राझिन धरते, एवढे खरे आहे. हे तणनाशक पाण्यात फारसे विरघळत नाही (लिटरमागे सुमारे 33 मिलिग्रॅम) आणि आपल्यासारख्या अल्कधर्मी जमिनीत त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. त्यामुळे चिकणमातीपेक्षा ते कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला अधिक चिकटते. मात्र हिशेब करून पाहिला, तर शेणखताचे बळ बेताचेच निघते. एक एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 8 लाख किलो माती असते. तिच्यात दहा टन शेणखत मिसळले, तरी सेंद्रिय कर्बात पडणारी भर फार तर 0.1 टक्का असते आणि तिच्यातलाही बराच भाग आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात जळून जातो. शिवाय सेंद्रिय पदार्थाची ही पकड सैल असते. मातीतल्या पाण्यात औषधाचे प्रमाण घटले की चिकटलेल्यातले थोडे पुन्हा पाण्यात उतरते आणि मुळांना मिळते. काळ लोटतो तसे काही रेणू मातीच्या अतिसूक्ष्म छिद्रांत शिरून अडकतात आणि मग मुळांनाही मिळेनासे होतात, पण ते काम एका हंगामाचे नाही.

ॲट्राझिन खरोखर संपते ते दोन वाटांनी. त्याच्या रेणूतला क्लोरिनचा अणू निघून त्या जागी पाण्यातला हायड्रॉक्सिल गट बसला की त्याचे तणनाशकपण जाते. ही क्रिया आम्ल जमिनीत वेगाने होते आणि सामू 7 च्या वर गेला की मंदावते. म्हणजे आपल्या जमिनीत ही वाट अरुंद आहे, आणि चुनखडीच्या काळ्या जमिनीत ॲट्राझिन पुढच्या पिकाला बाधते ते बहुधा यामुळेच. दुसरी वाट जिवाणूंची. 1990 च्या दशकात अमेरिकेत, तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून स्यूडोमोनास वर्गातला एक जिवाणू वेगळा करण्यात आला, जो ॲट्राझिनमधला नत्र काढून त्यावर जगतो. पुढे असे आढळले की ज्या शेतात हे तणनाशक वर्षानुवर्षे वापरले जाते, तिथे अशा जिवाणूंची संख्या वाढते आणि औषध पूर्वीपेक्षा लवकर संपते. तेव्हा आपल्या तीन वर्षांच्या वापराचा असाही एक उपयोग झालेला असू शकेल. मात्र या जिवाणूंना ओल आणि ऊब लागते, कोरड्या मातीत त्यांचे काम थांबते. आणि जमिनीत युरियाचा नत्र मुबलक असला तर ते ॲट्राझिनकडे वळत नाहीत. ताटात वाढलेले असताना फणस फोडायला कोण बसेल?

दुसऱ्या खोडव्याच्या सुरुवातीला शेवटची फवारणी झाली असेल आणि नंतर वर्षभर पाणी मिळाले असेल, तर मला धोका कमी वाटतो. तरीही खात्री करून घ्यावी. शेतातल्या पाच-सहा ठिकाणची वरच्या थरातली माती एका कुंडीत आणि कधीच फवारणी न झालेल्या बांधाची माती दुसऱ्या कुंडीत घेऊन दोन्हींत सोयाबीन आणि काकडी पेरावी व तीन आठवडे पाहावे. रोपे नीट उगवतात आणि बियाण्यातला साठा संपल्यावर पानांच्या कडा पिवळ्या पडून करपू लागतात, ही ॲट्राझिनची खूण आहे. तेव्हा उगवण चांगली झाली म्हणून आठव्या दिवशी कुंडी फेकून देऊ नये.

प्रश्न : बागेतल्या गवतावर ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट दोन्ही वापरून झाले. दोन्ही औषधे मातीला लागताच निष्प्रभ होतात, असे दुकानदार म्हणतो. निष्प्रभ म्हणजे नष्ट, असे समजावे का?
— बागायतदार, चिपळूण

उत्तर : तसे समजू नये. पॅराक्वाटचा रेणू धनभारित असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. देशावरच्या काळ्या जमिनीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पुस्तकाच्या पानांसारखे थरांचे बनलेले असते. त्याच्या एका ग्रॅमचा आतबाहेरचा पृष्ठभाग 700 ते 800 चौरस मीटर, म्हणजे सात-आठ गुंठे भरतो. पॅराक्वाट या पानांच्या मध्ये जाऊन बसते. पॅराक्वाट पोटात गेलेल्या रुग्णाला मुलतानी मातीचे पाणी देण्याची पद्धत याच गुणामुळे पडली. विष इतके जहाल आहे, की तेवढ्याने भागत नाही, हा भाग वेगळा. गंमत अशी, की प्रयोगशाळेत पाण्यात विरघळवलेले पॅराक्वाट काही सूक्ष्मजीव सहज खातात, पण खनिजाच्या पानांत शिरलेल्या रेणूपर्यंत ते पोहोचूच शकत नाहीत. ज्या खनिजाने पिकाला वाचवले, त्यानेच विषालाही जिवाणूंपासून वाचवले, आणि म्हणून हे औषध जमिनीत वर्षानुवर्षे सापडते.

आपली जांभ्याची माती मात्र वेगळी. तिच्यात मुख्यतः केओलिनाइट आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात. केओलिनाइटला तशी उघडणारी पाने नसतात, त्यामुळे पॅराक्वाट सामावण्याची तिची ताकद काळ्या मातीपेक्षा बरीच कमी असते. उलट ग्लायफोसेटला तीच ऑक्साइडे घट्ट धरतात, कारण त्याच्या रेणूतला फॉस्फरसचा गट खतातल्या स्फुरदासारखाच तिथे जोडला जातो. दोघांची जागा एकच असल्यामुळे सुपर फॉस्फेटची मात्रा मोठी दिली, तर धरलेल्या ग्लायफोसेटपैकी काही भाग सुटू शकतो. ग्लायफोसेटला जिवाणू मोडतात, पण वाटेत आम्पा नावाचा एक पदार्थ तयार होतो आणि तो मूळ औषधापेक्षा अधिक काळ टिकतो.

प्रश्न : कीटकनाशके जिवाणू खातात, तसे कॅडमियम, शिसे, आर्सेनिकही खातात का?
— कृषी पदवीची विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : नाही. कीटकनाशकाचा रेणू मोडता येतो, मूलद्रव्य मोडता येत नाही. जिवाणू फार तर त्याचे रूप बदलतात. रूप बदलणेही लहान गोष्ट नाही. विषारी आणि पाण्याबरोबर सहज वाहणारे सहासंयुजी क्रोमियम सेंद्रिय पदार्थामुळे त्रिसंयुजी होते आणि मातीला चिकटून बसते. मात्र त्याच मातीत मँगनीजची ऑक्साइडे असली, तर ती त्यातले काही परत सहासंयुजी करतात.

सेंद्रिय पदार्थ नेहमीच रक्षण करतो, हा समज बंगालच्या उदाहरणाने दूर व्हावा. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात आर्सेनिक लोह ऑक्साइडांच्या लेपाला चिकटून आले. त्याच गाळात वनस्पतींचे अवशेषही गाडले गेले. खाली प्राणवायू नव्हता, म्हणून ते अवशेष खाणारे जिवाणू प्राणवायूच्या जागी लोहावर श्वसन करू लागले. लोह विरघळले आणि त्याने धरलेले आर्सेनिक भूजलात उतरले. पश्चिम बंगालमधले या विषबाधेचे रुग्ण 1983 पासून ओळखले जाऊ लागले. त्यात खनिजाने आर्सेनिक धरले, सेंद्रिय पदार्थाने इंधन पुरवले आणि जिवाणूंनी ते सोडवले. तिघांपैकी एकाला वगळले, तर ही घटना समजतच नाही.

प्रश्न : विष खाणारे जिवाणू बाटलीत मिळतात. ते घ्यावेत का?
— एक वाचक

उत्तर : लिंडेन हे कीटकनाशक मोडणारा जिवाणू भारतातल्याच उसाच्या मुळांजवळच्या मातीतून मिळाला आहे, म्हणजे असे जिवाणू आहेत यात शंका नाही. पण बाहेरून आणून सोडलेला जिवाणू स्थानिक जिवाणूंच्या गर्दीत बहुधा टिकत नाही, आणि टिकला तरी खनिजात बंद झालेल्या विषाला त्याचा स्पर्श होत नाही. ओल, पाचट आणि बेताचा नत्र यांवर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.